स्मिथ आडनाव ‘स्मित’वरून आलेलं नाहीये, माझीच पोस्ट दुरुस्त करतोय

परवा मी टाकलं होतं की इंग्रजांचं स्मिथ हे संस्कृत ‘स्मित’वरून आलं आणि सगळे स्मिथ एकाच घराण्यातले. दोन्ही चूक, सॉरी, न तपासता टाकलं. नंतर शब्दकोश काढून बसलो तर स्मिथ हा जुन्या इंग्रजीतला साधा शब्द निघाला, अर्थ धातूकाम करणारा, म्हणजे आपला लोहारच. ब्लॅकस्मिथ, गोल्डस्मिथमध्ये तोच आहे, आणि जर्मन श्मिट त्याचाच भाऊ. गंमत म्हणजे ‘स्माइल’ आणि ‘स्मित’ यांचं नातं मात्र खरंच मानतात, घोळ बहुतेक तिथूनच झाला असावा.

आणि एक घराणं कसं असेल हो, गावोगावी भट्टी होती, नांगराचा फाळ घ्या, घोड्याचे नाल घ्या, लोहाराशिवाय कुणाचं अडत नव्हतं असं नाही, सगळ्यांचंच अडायचं, त्यामुळे प्रत्येक गावात वेगळा स्मिथ. जुन्या करनोंदींत कारकून लॅटिनमध्ये ‘फाबर’ लिहायचे, अर्थ तोच. पुढे १२ व्या ते १४ व्या शतकाच्या आसपास हे धंद्याचं नाव मुलाबाळांना चिकटलं, मुलगा भट्टीवर बसो वा न बसो. आपल्याकडच्या लोहार, सुतार आडनावांसारखंच की.

आज इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया तिन्हीकडे हेच सगळ्यात कॉमन. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत सुमारे २४ लाख स्मिथ होते, त्यात कृष्णवर्णीयही बरेच, मग एक घराणं कुठलं.

जुनी पोस्ट डिलीट केलीये, कुणी पुढे पाठवली असेल तर प्लीज तिथे हे टाका आणि ती फिरवणं थांबवा.