पृथ्वी, टपालखर्च वेगळा

वस्तू वर्णनाप्रमाणे: पाच तारे. पॅकिंग: पाच तारे. टपालखर्च: दोन तारे. आणि खाली शेरा, ‘पोस्टेज जरा रिझनेबल ठेवत चला.’

हे लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी माझा पृथ्वीचा गोल ऑनलाइन लिलावात ज्या किमतीला नेला, तेवढ्यात खोक्याला लावलेली चिकटपट्टीसुद्धा येत नाही. जवळजवळ फुकट मिळालेल्या पृथ्वीबद्दल चकार शब्द नाही. कुरियरवाल्याच्या दरपत्रकाची शिक्षा मात्र मला.

लिलाव मांडणाऱ्याच्या हातात दोन आकडे असतात, सुरुवातीची किंमत आणि टपालखर्च. पहिला जास्त ठेवला तर कुणी फिरकत नाही. कमी ठेवला तर एकच जण फिरकतो आणि तेवढ्यातच घेऊन जातो. साइटचा सल्ला होता, ‘कमी किमतीपासून सुरुवात करा, चुरस आपोआप वाढेल.’ चुरशीला किमान दोन माणसं लागतात, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. इ. स. 193 मध्ये रोमच्या शाही रक्षकदलाने सम्राटाला मारून अख्ख्या साम्राज्याचा लिलाव पुकारला, तर तिथेसुद्धा दोन बोलीवाले हजर होते. डिडियस ज्युलियानसने दर सैनिकामागे 25,000 सेस्टर्स नाण्यांची बोली लावून साम्राज्य घेतलं आणि 66 दिवसांत जीव गमावला. एवढं होऊनही टपालखर्चाची तक्रार त्याने केल्याची नोंद नाही. माल जागेवरच ताब्यात घ्यायचा होता ना!

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर 1995 साली विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. 14.83 डॉलरला गेला. संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला मुद्दाम कळवून विचारलं, बाबा रे, तो बिघडलेला आहे हे कळलंय ना? उत्तर आलं, मी बिघडलेलेच जमवतो. असली देवमाणसं लोकांच्या वाट्याला येतात. माझ्या वाट्याला जिज्ञासू आले.

पण त्याआधी वजनाचं सांगतो, कारण सगळी बोंब तिथेच आहे. गोल आतून पोकळ, वजन जेमतेम दीड किलो. खोकं मात्र सगळीकडून 40 सेंटीमीटर. कुरियरवाले अशा वेळी वजनकाट्याकडे बघतच नाहीत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. 64,000 भागिले 5000, म्हणजे 12.8 किलो. यातले अकरा किलोच्या वर निव्वळ हवा. तिचं भाडं मी लिस्टिंगमध्ये प्रामाणिकपणे, एक पैसाही न चढवता लिहिलं. आणि जिज्ञासूंचा पहिला निरोप आला.

‘सर, जर्मनी एक आहे की दोन?’

दोन आहेत, मी कळवलं.

‘येमेन?’

तेही दोन.

‘म्हणजे 1990 च्या आधीचा. अप्पर व्होल्टा हे जुनं नाव दिसतंय की बुर्किना फासो हे नवं?’

मी भिंग घेऊन पश्चिम आफ्रिकेत शिरलो. बुर्किना फासो.

‘म्हणजे 1984 च्या नंतरचा. आता ब्रह्मदेशाचं नाव बघा. बर्मा असेल तर 1989 च्या आधीचा.’

बर्माच होतं. मला, खरं सांगतो, उचंबळून आलं. इतकी वर्षं घरात असलेल्या वस्तूची जन्मतारीख एका अनोळखी माणसाने घरबसल्या काढून दिली होती. हा माणूस बोली लावणार, नुसती लावणार नाही, चढवणार, अशी माझी खात्री पटली.

‘सर, टपालखर्च फार आहे.’

मी हवेचं गणित समजावलं. त्यांनी ते तपासून पाहिलं, भागाकार बरोबर असल्याचं मान्य केलं आणि विचारलं, ‘हवा काढता येईल का?’

म्हटलं, पुठ्ठ्याचा आहे हो, फुगा नाही.

‘मग विषुववृत्तावर उघडतो का? असे गोल दोन अर्धगोल जोडून करतात. एकात एक बसवून पाठवा. खोक्याची उंची निम्मी, वजन 6.4 किलो.’

या माणसाच्या हिशेबात चूक काढायला जागा नाही, हेच डोक्यात जाणारं होतं. मी कळवलं की पृथ्वी कापून पाठवणं माझ्या धोरणात बसत नाही. त्यावर त्यांनी गोल साध्या पाकिटात पाठवण्याबद्दल विचारलं, मग स्टँड वगळला तर काय पडेल ते विचारलं, आणि शेवटी, ‘तुमच्याकडून कुणी माझ्या बाजूला येणार असेल तर?’ कुणी तरी कधी तरी येणारच, अशी त्यांची श्रद्धा होती.

बोली शेवटपर्यंत लावली नाही. लावली ती दोन तारे देणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी, एकच, सुरुवातीच्या किमतीची.

माणसं किमतीला क्षमा करतात, टपालखर्चाला करत नाहीत. तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेम विकून किंमत आणि टपालखर्चाच्या वाटणीचे प्रयोग केले, निष्कर्ष 2006 मध्ये छापले. काही लिलावांत सुरुवात 4 डॉलर आणि टपाल फुकट, काहींत सुरुवात 1 सेंट आणि टपाल 3.99 डॉलर. बेरीज तीच, पण 1 सेंटवाल्या लिलावात बोलीवाले जास्त आले आणि पैसेही जास्त मिळाले. बोली लावताना टपालाकडे लक्ष जात नाही. जातं ते नंतर, तारे वाटताना.

याच चलाखीपायी काही विक्रेते नगाला कवडी आणि टपालाला मोहोर लावायचे, म्हणजे साइट फक्त किमतीवर कापायची ते कमिशन वाचायचं. साइटवाले शहाणे झाले. आता मी विकतो त्या साइटवर कमिशन एकूण रकमेवर कापतात, टपालखर्च धरून. म्हणजे जो पैसा माझ्या हातातून थेट कुरियरवाल्याच्या गल्ल्यात गेला, त्याच्यावरही माझ्याकडून कमिशन. हवेचं भाडं मी आगाऊ भरलं, वर त्या भाड्यावर साइटला टक्का दिला, आणि लोभी ठरलो तो मी! याविरुद्ध दाद मागायला साइटवर एक रकाना आहे. त्यात तक्रारीचे प्रकार निवडायला दिलेत. सगळे घेणाऱ्याचे.

काल जिज्ञासूंचा निरोप आला. ‘गेला वाटतं? मी टपालखर्च उतरायची वाट बघत होतो. दुसरी पृथ्वी आहे का, सर? जरा लहान?’