पेटीवरचा वाद आणि शिकागोचा गांधार

ख्यालाच्या साथीला पेटी असावी की नसावी, हा महाराष्ट्रातला वाद शंभर वर्षं चालू आहे. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांची, पेटी करून पाहिली. १९४० मध्ये रेडिओने पेटीला दारच बंद केलं; ती बंदी सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. आक्षेप आजही तोच आहे: सूर समान अंतरांवर बसवलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) निघत नाही, आंदोलन (सुराचा संथ झोका) निघत नाही आणि तिच्यावर शिकलेल्याचा कान बिघडतो. शिकागोत राहून ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकताना यातला कानाचा मुद्दा मला पुरता पटतो, बंदीचा अजिबात नाही.

कारण ब्लूजचा सगळा जीव पट्ट्यांच्या मधल्या सुरांत आहे. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग (सेंट) धरले, तर पेटीवर किंवा पियानोवर कोमल गांधार ३०० वर आणि शुद्ध ४०० वर येतो. ब्लूज गायकाचा गांधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो स्थिरही नसतो. नैसर्गिक सातव्या स्वरांशाचा, म्हणजे मूळ सुराच्या सातपट कंपनांच्या सुराचा, कोमल निषाद ९६९ वर पडतो, पियानोचा १००० वर. गायक पुष्कळदा खालच्याकडे झुकतो. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हाकाऱ्यांतून हे सूर आले. त्यांच्या पूर्वजांना पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं होतं, आणि तिथल्या गायकीची खूण या सुरांत राहिली.

हे फिरते सूर स्थिर कॉर्डवर (एकत्र वाजवलेल्या सुरांच्या गटावर) घासतात, तिथे ब्लूज ऐकू येतो. ठरलेलं आवर्तन १२ बारांचं (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा), म्हणजे ४८ मात्रांचं. ४ बार षड्जाची कॉर्ड, २ मध्यमाची, २ षड्जाची, मग पंचमाची १, मध्यमाची १ आणि शेवटी पुन्हा षड्जाची २. तिन्ही कॉर्डमध्ये आपापला कोमल निषाद मिसळलेला. षड्जाच्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार आहे, पण मध्यमाच्या कॉर्डचा कोमल निषाद म्हणजेच मूळ सप्तकाचा कोमल गांधार. म्हणून पाचव्या बारात कॉर्ड बदलली की चांगल्या गायकाचा गांधार आपसूक खाली उतरतो. शफल या झुलत्या ठेक्यात प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून मधला गाळतात. गायक साधारण दोन बार गातो, पुढचे दोन बार वाद्य उत्तर देतं. आपल्याकडे पेटीवाला गायकाची जागा उचलून परत देतो, त्याला हे नवीन वाटणार नाही.

गिटारवर ए च्या सुरात तिसऱ्या तारेचा पाचवा पडदा म्हणजे कोमल गांधार. तार किंचित जमिनीकडे ओढली की तो पाव स्वराने चढतो. नवशिके पूर्ण अर्धा स्वर ओढतात, मग तो सरळ शुद्ध गांधार होतो आणि रंग जातो. स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवताना काचेची नळी पडद्याच्या धातूच्या पट्टीवर नेमकी यावी लागते. बोट ठेवतो तशी दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवली, तर सूर उतरतो.

पण पेटीच्या वादात खरी साक्ष माउथ ऑर्गनची. तोही पेटीसारखाच, धातूच्या पत्त्या हवेने थरथरवणारा. सी चा माउथ ऑर्गन घेऊन षड्ज जी वर, म्हणजे पांढरी पाचवर (सप्तकाच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर) धरतात. तिसऱ्या भोकात फुंकल्यावर षड्ज मिळतो, ओढल्यावर शुद्ध गांधार. फुंकीची आणि ओढीची अशा दोन्ही पत्त्या एकाच कप्प्यात असल्यामुळे ओढताना जिभेचा मागचा भाग खाली नेऊन तोंडातली पोकळी ‘ई’वरून ‘ऑ’कडे वळवली, की दुसरी पत्तीही ओढीत सामील होते आणि सूर खाली येतो: कोमल गांधार, मग शुद्ध रिषभ, अगदी कोमल रिषभापर्यंत. ब्लूजचा गांधार या प्रवासाच्या सुरुवातीलाच आहे, म्हणून तिथे थांबणं सर्वांत अवघड. जोराने ओढून काम होत नाही. पत्ती घुसमटते आणि लवकर बेसूर होते. नाकातून हवा निसटली तरी सूर वाकत नाही. पेटीत हवा भात्याची, तोंडाची पोकळी मध्ये नाही, म्हणून ती हे करू शकत नाही. दोष पत्तीचा नाही.

आणि पियानो? त्याचे सूर तर पेटीइतकेच बांधलेले. तरी ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आल्यावर त्यांच्या बँडमध्ये पुढे ओटिस स्पॅन यांचा पियानो वर्षानुवर्षं होता, आणि त्याला बाहेर काढा असं कुणी म्हटलं नाही. पियानोवाला कोमल गांधारावरून बोट शुद्धवर घसरवतो, दोघांची टक्कर ऐकवतो. पांढरी एक, चार, पाचमध्ये हे सोपं, कारण कोमल काळ्या पट्टीवर आणि शुद्ध पांढऱ्यावर येतो. पांढरी दोनमध्ये उलटं होतं, तिथे दोन बोटं लागतात.

तरीही पियानोचा दाखला जसाच्या तसा पेटीला लावू नये. ब्लूजला ती टक्कर हवी असते. ख्यालात सूर तानपुऱ्यात विरघळायला हवा, तिथे टक्कर बोचते. म्हणून गळा तयार होईपर्यंत रियाज तानपुऱ्यावरच व्हावा. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून पेटीवर पलटे घोटून घेणं मला घातक वाटतं. मैफलीत मात्र पेटी जरूर असावी, पण वाजवणाऱ्याला कुठे हात उचलायचा हे कळायला हवं. दरबारीत गायक आंदोलित गांधारावर असताना कोमल गांधाराची पट्टी दाबूच नये. षड्ज धरून राहावं आणि तो ‘म रे सा’वर आला की सामील व्हावं.