स्वस्तातला मीडियम फॉरमॅट घेताय? या, बसा

अभिनंदन! मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून असताना एका रोलवर १२च फोटो देणारा, मोठ्या निगेटिव्हचा फिल्म कॅमेरा घ्यावासा वाटतोय, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. 'बजेटमध्ये' हवा? मग पहिलं पथ्य: रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचा हिशेब मांडू नका. बायकोसमोर तर नाहीच.

महागड्या हॅसलब्लॅड कॅमेऱ्याचं नाव काढू नका. अगदीच फुकट हवा असेल तर अपोलोवाले चंद्रावर १२ ठेवून आलेत, आणण्याचं भाडं तेवढं तुमचं. त्यापेक्षा तसाच दिसणारा कीव ८८ घ्या. त्याचा नियम एकच: आधी शटर ताणायचं, मग वेग बदलायचा. एकदा उलट करून बघा. दुरुस्तीवाल्याच्या मुलीचं लग्न थाटात होईल.

पण खरी मजा यशिका मॅट १२४ जी या दोन भिंगांच्या, वरून डोकवायच्या कॅमेऱ्यात. विकणारा म्हणेल, "साहेब, एकदम मिंट, नव्यासारखा! भिंगात थोडी धूळ आहे, फोटोत येत नाही." लगेच मान डोलवा. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघू नका. मुंबईचे चाळीस पावसाळे काढलेल्या भिंगात ही 'धूळ' म्हणजे बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फोडत वाढते, हे उगाच दिसेल. शटर १/५०० वर वाजवून दाखवतील, टिच्! खूश व्हा. एक सेकंदावर लावून बघायची अवदसा आठवू नका. मी घरी येऊन लावलं. पाती उघडली, आतली चक्रं दोनदा कुरकुरली आणि गप्प झाली. चहा ओतून आणला, तरी माझा एक सेकंद चालूच होता.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरची काळजी नको. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, तो सेल आता बंद झालाय. दीड व्होल्टचा टाकलात तर मीटरला संध्याकाळीही भरदुपार दिसते आणि निगेटिव्ह प्रकाशाविना उपाशी राहते. त्याला 'मूड' म्हणायचं.

वरून डोकावलं की चित्र डावं-उजवं उलटं. काचेत भाचा डावीकडे पळाला की तुम्ही उजवीकडे वळायचं. बारशाला गेलात तर पाळण्याची दोरी नक्की येईल.

व्यायामाची आवड असेल तर मामिया आरबी ६७. अडीच किलोंच्या वर ऐवज, रोलमागे १० फोटो.

एवढं करून आजोळी गेलात तर माळ्यावरच्या ट्रंकेत बडोद्यात बनलेला आजोबांचा अ‍ॅगफा क्लिक थ्री सापडेल. रोल हाच, १२० मापाचा. फोटोही १२च, चौकोनी. निवडायचं काय, तर ऊन की ढग. मागच्या लाल खिडकीत आकडा बघून रोल पुढे सरकवायचा, झालं. हात लावू नका त्याला. फुकट कॅमेऱ्यावर चर्चा कसली करणार?