मांजर मारायचं नाही, सोडून यायचं

गेल्या रविवारी सकाळी प्राण्यांच्या शेल्टरच्या फाटकाशी आंब्याची पेटी ठेवलेली होती. रात्रभर पाऊस झाला होता. पेटीत जुन्या साडीचा तुकडा, त्यावर पाच पिल्लं आणि डब्याच्या झाकणात दूध. दुधात पावसाचं पाणी पडून ते निळसर झालं होतं. दोन पिल्लांचे डोळे अजून नीट उघडले नव्हते, म्हणजे वय आठ-दहा दिवसांचं. एवढ्या पिल्लाला झाकणातलं दूध पिताच येत नाही. गाईचं दूध पोटात गेलंच तर जुलाब होतात. त्यांना आपली आपण शू-शीसुद्धा होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आपण ते करायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

एक सोमवारी गेलं, दोन बुधवारी. उरलेली दोन आता माझ्या माजघरात गरम पाण्याच्या बाटलीला चिकटून झोपली आहेत.

पेटी ठेवणाऱ्यावर मला आधी खूप राग आला. मग ती साडी पाहिली. कुणीतरी ती नीट घडी करून अंथरली होती. त्या माणसाला खरंच वाटलं असणार की आपण पिल्लांना चांगल्या ठिकाणी पोचवलं.

आपल्या कोकणात मांजर कुणी मारत नाही. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे लहानपणी प्रत्येकाने ऐकलंय. या भीतीने किती जीव वाचले असतील, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण मारायचं नाही म्हणून आपण काय करतो? पोत्यात घालतो आणि सोडून येतो. खाडीपलीकडे, मच्छीबाजारात, देवळामागे, जेटीवर. आणि आता शेल्टरच्या दारात. आमच्या वाडीतल्या एका काकूंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, मी काय मारलं नाही त्यांना. जेटीवर सोडलं. तिथे मासळीला तोटा आहे काय?"

काकू, तोटा आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्री, लिलाव बंद, बर्फाच्या गाड्या बंद. मे महिन्यात ज्या जेटीवर मांदेली आणि ढोमी पायाखाली येतात, तिथे जूनमध्ये खवलासुद्धा सापडत नाही. मांजरींची पिल्लं सगळ्यात जास्त होतात ती उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर. म्हणजे दूध तुटतं तेव्हाच जेटी रिकामी होते. गेल्या वर्षी जुलैत जाळ्यांच्या ढिगाऱ्याखाली एक भाटी पाहिली. तिला पिल्लं होती आणि ती नायलॉनची दोरी चघळत होती, कारण दोरीला मासळीचा वास होता.

मग शेल्टर तर बरं ना, असं विचाराल. मी चार वर्षं दर रविवारी तिथे जाते, म्हणून सांगते. प्रौढ, जखमी, गाडीखाली आलेल्या मांजरासाठी शेल्टर म्हणजे जीवदान आहे. लहान पिल्लासाठी ती सगळ्यात धोक्याची जागा आहे. यात तिथल्या माणसांचा दोष नाही, ती दिवसरात्र राबतात. मांजर आपल्या जागेला धरून राहणारा प्राणी. अनोळखी वास, शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा कुत्रा, एकाच खोलीत चाळीस मांजरं, एवढ्यानेच ते खाणं टाकतं. खाणं टाकलं की प्रतिकारशक्ती ढासळते आणि नाका-डोळ्यांची सर्दी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाते.

आणि पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा साथीचा रोग. कुत्र्यांच्या पार्व्होचा हा भाऊबंद. याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, आपल्या चपलांवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो. फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही, उलट फिनाईल मांजरांनाच विषारी असतं, ब्लीचच्या पाण्यानेच पुसावं लागतं. लस आहे, पण ती सहा-आठ आठवड्यांपासून पुढे आणि तीही दोन-तीन वेळा द्यावी लागते. दहा दिवसांच्या पिल्लाला त्याआधी आधार असतो तो आईच्या पहिल्या दुधाचा. दोन वर्षांपूर्वी एका पेटीतून हा रोग आत आला आणि सहा दिवसांत अकरा पिल्लं गेली. एक तांबूस बोका होता, तळहाताएवढा. शेवटच्या दिवशी पाण्याच्या वाटीच्या काठावर हनुवटी टेकवून बसला होता. तहान होती, पिता येत नव्हतं. मी बोटाने ओठ ओले केले तर बोट चाटलं. ते मला विसरता येत नाही.

जी जगतात त्यांना घर मिळतं का? पांढऱ्या केसाळ पिल्लाला आठवड्यात मिळतं. काळ्या मांजरीला कुणी नेत नाही, वर्षाच्या वरच्या मांजरीला तर विचारतसुद्धा नाहीत. गणपतीला चाकरमानी येतात, पोरं पिल्लांना दहा दिवस अंथरुणात घेऊन झोपतात, घराला कुलूप लागतं आणि पिल्लू पडवीत राहतं. म्हातारी माणसं गेली की तेच होतं. घर बंद आणि कणगीतले उंदीर धरणारी मांजर पायरीवर बसून राहते. अशा दोन मांजरी या वर्षी मी स्वतः उचलून आणल्या.

मांजर साधारण 63 ते 65 दिवसांत विते. पाच महिन्यांची पोरवयाची मांजर गाभण राहू शकते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षाला दोन-तीन वेळा तुम्ही पोती भरत राहाल, पण मांजर तीच, तुमच्याच दारातली. मग तिचंच ऑपरेशन का नाही? नसबंदी म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा कुत्र्यांवर अडकते. मुंबई महापालिकेने 2019 मध्ये भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली. आपल्या तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात मी चौकशी केली तर "इथे गाई-म्हशीच येतात" असं उत्तर मिळालं. तिथले डॉक्टर भले आहेत, पण मांजरीच्या भुलीची सोय नाही. ती मागायला आपणच हवं. ग्रामसभेत गटारावर दोन तास बोलतो, यावर दहा मिनिटं बोलूया.

कायद्याचं म्हणाल तर, जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा रीतीने सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. एक जीव, आणि वडापावचे पैसे.

तुमच्या माळ्यावर मांजर व्याली असेल तर कृपा करून पिल्लं हलवू नका. ती सात घरं फिरवते म्हणतात ना, तिची ती फिरवेल. आठ आठवडे त्यांना आईजवळ राहू द्या. भाताबरोबर थोडी मासळी आईला घाला, बाकी ती बघते. पिल्लं सुटी झाली की आईला ऑपरेशनला न्यायचं. भुलीतच डाव्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे ऑपरेशन झालंय हे लांबूनच कळतं आणि पुन्हा कुणी तिला पकडून फाडायला नको.

पुढच्या गुरुवारी पहाटे मी तीन मांजरी घेऊन शहरात डॉक्टरांकडे जाणार आहे. गाडीत आणखी दोन पिंजऱ्यांची जागा आहे. आदल्या रात्री आठनंतर मांजरीला खायला देऊ नका आणि तिला घरात कोंडून ठेवा, पहाटे हाताला लागत नाही. मेसेज करा, मी दारात येऊन घेऊन जाईन. पिंजरा नसेल तर आंब्याची पेटीही चालेल, फक्त वरून दोरीने घट्ट बांधा.