'सहन कर' एवढं सांगून भागत नाही

नमस्कार. टीबीच्या औषधांच्या त्रासांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की हे सगळं उघड सांगितलं तर पेशंट घाबरून गोळ्या सोडतात. त्यापेक्षा 'सहन कर, सहा महिने काढ' एवढंच सांगावं. गोळ्या मध्येच सुटू नयेत ही तुमची कळकळ मला समजते, माझीही तीच आहे. तुमचा उपाय मात्र मला पटत नाही.

रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की पहिल्या डोसनंतर काही तासांतच लघवी नारिंगी होते. घाम, अश्रू यांनाही तो रंग येतो. यात अपाय काहीच नाही. पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणसाला वाटतं, रक्तच जातंय. मग तो गोळ्या बंद करणार नाही तर काय करणार?

'सहन कर' तर त्याहून धोक्याचं. मळमळ सहन होते, थोडं खाऊन गोळ्या घेतल्या तर बऱ्याचदा कमीही होते. सांधे दुखतात ते बहुधा पायरॅझिनामाइडमुळे. ते साधारण पहिले 2 महिनेच असतं. हातापायांना मुंग्या येणं आयसोनियाझिडमुळे, त्यावर ब जीवनसत्त्वाची पिरिडॉक्सिन ही गोळी मिळते. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ती आधीपासूनच द्यायची असते.

पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, अन्नावरची वासना उडाली, उलट्या थांबेनात, तर ती यकृताला सूज असू शकते. रिफॅम्पिसिनने लघवी रंगते, डोळे पिवळे होत नाहीत. हा फरक प्रत्येक पेशंटला ठाऊक हवाच. अशा वेळी पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एथॅम्ब्युटॉल चालू असताना धूसर दिसू लागलं किंवा लाल-हिरव्यात गल्लत व्हायला लागली, तरी तेच. डॉक्टरकडे जायला उशीर केल्यास नजर कायमची अधू होऊ शकते. इथे सहनशीलता जिवावर बेतते हो.

त्रास देणारी एकच गोळी गुपचूप वगळून बाकीच्या घेत राहणं हाही सहन करण्याचाच एक प्रकार. त्यातून जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून निर्णय डॉक्टरांचा.

आणि औषध थांबवलं म्हणजे उपचार संपले, असंही नाही. यकृत सावरलं की डॉक्टर रक्त तपासत एकेक औषध पुन्हा सुरू करतात, आणि बहुतेकांचा कोर्स पूर्ण होतो.