व्हॉट्सअॅप चालू आहे म्हणून सिम मरू देऊ नका

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांची रिचार्ज महागली तेव्हापासून एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. परवा आईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माझं जुनं सिम बंद करू का रे?’ मेसेज थोडक्यात असा: दुसऱ्या सिमचं रिचार्ज थांबवा. व्हॉट्सअॅप वायफायवर चालतं, फोनही त्यावरूनच होतात. व्हॉट्सअॅप चालतंय म्हणजे नंबर शाबूत आहे. आधार देऊन घेतलेला नंबर कायम आपल्याच नावावर राहतो. ओटीपीही आता व्हॉट्सअॅपवर येतात. आणि लागलाच तर नंबर केव्हाही पोर्ट करता येतो, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो.

आईला फोनवर ‘नको’ एवढंच म्हणालो. कारणं इथे सविस्तर लिहितो, कारण हा मेसेज तिच्यापुरता नाही.

‘नंबर कायम आपल्याच नावावर.’ नाही. नंबर सरकारचा. दूरसंचार विभाग तो कंपनीला देतो, कंपनी आपल्याला वापरायला देते. आधार आपण ओळख पटवायला दिलेलं असतं. त्याने नंबराचा सातबारा आपल्या नावावर चढत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१३च्या नियमाप्रमाणे प्रीपेड सिम वापरलं नाही, तर ९० दिवसांच्या आत ते बंद करता येत नाही. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. शेवटी १५ दिवसांची सवलत, आणि मग नंबर गेला. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि नंतर नव्या ग्राहकाला देतात. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, आपली माहिती नव्या माणसाच्या हाती पडू नये याची काळजी आधीच्या ग्राहकानेच घ्यायची आहे.

‘व्हॉट्सअॅप चालतंय म्हणजे नंबर शाबूत आहे.’ मेसेजमधलं सगळ्यात फसवं वाक्य हेच, कारण ते काही महिने खरं वाटतं. नोंदणी करताना व्हॉट्सअॅप सहा आकडी कोड पाठवून एकदा नंबर तपासतं. त्यानंतर सिम मेलं तरी चॅट, कॉल, ग्रुप सगळं आधीसारखंच चालतं. नंबर मिळालेल्या नव्या माणसाने त्यावर व्हॉट्सअॅप सुरू केलं की त्याच्याकडे कोड जातो आणि आपण बाहेर फेकले जातो. परत आत यायला कोड लागतो, तोही त्याच्याच फोनवर येणार. जुने चॅट त्याला दिसत नाहीत, पण ग्रुपवर नवीन पडणारं त्याला दिसू शकतं. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन आपण लावला असेल तर तो नवा माणूस सात दिवस अडतो, त्यापुढे पिन बदलता येतो. वायफायवर चालणारा हा ‘फोन’ही शेवटी त्या दहा आकड्यांवरच उभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दूरसंचार विभागाने असा आदेश काढला की, ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच मेसेजिंग अॅप चालावं.

‘ओटीपी व्हॉट्सअॅपवर येतात.’ दुकानांचे येत असतील. बँकेचे आणि आधारचे ओटीपी नोंदवलेल्या नंबरावर एसएमएसने येतात. यूपीआय अॅप सुरू करताना तर उलटा प्रवास असतो: आपल्याच सिमवरून एक एसएमएस बँकेकडे जावा लागतो. सिम मेलं की तो जाणार कुठून?

माझा थोरला भाऊ न्यूजर्सीत असतो. त्याने इथलं सिम असंच सोडून दिलं. दोन वर्षांनी पीएफ काढायला बसला, तर आधारचा ओटीपी जुन्या नंबरावर. मी त्या नंबरावर फोन लावला. लातूरच्या एका कॉलेजातल्या मुलाने उचलला. म्हणाला, ‘दादा, तुमच्या बँकेचे मेसेज मलाच येतात, कोणाला सांगायचं तेच कळत नव्हतं.’ मुलगा सरळ होता, हे आमचं नशीब. ओटीपी आम्ही त्याच्याकडे मागितला नाही. त्याला तशी सवय लावणंच चूक. भाऊ भारतात येईपर्यंत पैसे अडकून राहिले.

‘नंतर केव्हाही पोर्ट करता येतो.’ पोर्ट करायचा तर त्याच सिमवरून १९०० वर ‘पोर्ट’चा एसएमएस पाठवावा लागतो. नंबर चालू हवा, त्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. मेलेला नंबर पोर्ट होत नाही.

परदेशातले काही जण यात भर घालतात की, इंटरनेटवरचाच नंबर घ्या, सिमची कटकटच नको. अमेरिकेत हे जमतं, पण तिथेही नंबर आपसूक सांभाळला जात नाही. जुलै २००७ मध्ये सनरॉकेट ही इंटरनेट फोन कंपनी एकाएकी बंद पडली. दोन लाखांवर ग्राहक होते, अनेकांनी वर्षाचे पैसे आधीच भरलेले. त्यांना घाईघाईने दुसरी सेवा शोधावी लागली. इंटरनेट फोनवाल्यांनाही नंबर दुसरीकडे नेऊ द्यावाच लागेल, हा नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने त्यानंतर, त्याच वर्षी केला. मे २०२५ मध्ये स्काइपही बंद झालं. म्हणून तिथे जाणकार एकच सांगतात: नवीन ठिकाणी नंबर पोहोचल्याशिवाय जुनी सेवा तोडू नका.

पैशाची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. नुसते ओटीपी यावेत म्हणून दर महिन्याला डेटाचा पॅक घेणं अन्यायाचंच. पण डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले आणि मुदतीची मर्यादा ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. परदेशात राहणाऱ्यांना अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, दुबई अशा ठिकाणचा नंबर एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्याला जोडून यूपीआय वापरण्याची मुभा जानेवारी २०२३ पासून आहे.

आणि सिम सोडायचंच ठरलं असेल, तर ते चालू असतानाच आधी बँकेत, मग आधारमध्ये, पीएफ आणि ईमेलमध्ये नवा नंबर द्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये नंबर बदलायची सोय आहे, ती वापरा. मग महिनाभर जुन्या सिमवर काय काय येतंय ते पाहा. विसरलेली एखादी विमा पॉलिसी त्या महिन्यात हमखास सापडते. आईची सापडली.