'मनी वर्जित': ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. प्राथमिक शाळेतल्या गाण्याच्या तासाच्या आठवणी लिहिताना मी बाईंची आणि ग्वाल्हेरच्या गाण्याची टवाळी केली, गायक कृष्णराव शंकर पंडितांच्या गावातल्या मुलीला हे शोभत नाही, असं तुमचं म्हणणं. टवाळी मला मान्य नाही. पण 'मनी'चा प्रसंग मी दोन ओळींत उरकला ही चूक झाली, म्हणून तो पुरता सांगते.

चौथीत बाईंनी भूप रागाचं लक्षणगीत, म्हणजे रागाचे नियम सांगणारं गाणं, घेतलं. भूपात म आणि नी हे स्वर वर्ज्य, म्हणून ओळीत 'मनि वर्जित' असे शब्द. वर्गातली निम्मी मुलं मराठी घरांतली. आम्हाला मनी म्हणजे मांजर, एवढंच ठाऊक. माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मनीला का नाही घ्यायचं?" तिच्या घरच्या मांजरीला त्याच आठवड्यात पिल्लं झाली होती. आम्ही हसून लोटपोट, हिंदी बोलणारी मुलं नुसती बघत राहिलेली.

बाई रागावल्या नाहीत. पेटी पुढे ओढली, सा रे ग प ध सां वाजवलं. मग तेच पुन्हा, पण ग आणि प यांच्या मध्ये म घालून. "आली बघ मनी. भूप राहिला का?" नाही राहिला, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "मनी वाईट नाही गं. तिचं घर बिलावल रागात आहे, तिथे साती स्वर नांदतात." त्या दिवसापासून भूप गाताना कुणाचा म लागला की अख्खा वर्ग 'म्याँव' करायचा, आणि बाई करू द्यायच्या. इतक्या वर्षांत माझ्या भूपात म आला नाही. त्या बाईंची मी टवाळी कशी करीन?

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. लक्षणगीतांना मी 'रटाळ पाठांतर' म्हटलं होतं. रागाचे नियम गाण्यातूनच तोंडी बसावेत, म्हणून संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ती रचली. त्यांच्याच पुढाकाराने १९१८ साली आपल्याकडे माधव संगीत महाविद्यालय निघालं, तेव्हा ग्वाल्हेरकराने तरी असं लिहायला नको होतं. ते वाक्य काढून टाकलंय.

तुमच्या वेळी वर्गात हसलं की हातावर पट्टी बसायची, असं लिहिलंत. वाचून वाईट वाटलं. आमच्या बाकावर तिघं दाटीने बसायची. तीनतालात नवव्या मात्रेला खाली (टाळी न देता हात बाजूला न्यायची जागा) आली की मधल्याचा हात शेजाऱ्याच्या नाकावर. बाईंनी पट्टी नाही काढली, मधल्याला हात वर उचलायला सांगितलं.

राहिली तानसेनच्या समाधीजवळची चिंच. श्रद्धेची थट्टा नव्हती हो. पाला खाल्ला की गळा गोड होतो, हे आम्ही पूर्ण खरं मानलं होतं. समाधी आहे त्या हजीऱ्याच्या सहलीत गणवेशाचे खिसे भरभरून पाला आणला, वाटेतच खाल्ला, दात आंबले. दुसऱ्या दिवशी तासाला रांग लावून उभे राहिलो, आवाज सुधारला का ते बघा म्हणून. बाईंनी पेटीवर सूर धरला, डोळे मिटले आणि एकेकाचा सा शेवटपर्यंत ऐकून घेतला.